डेस्कटॉप झोपवायचा आणि झोपलेलाच ठेवायचा : प्रकल्प नोंदी, इंदूर

२० मार्च २०२५

आधी मशीन सांगतो म्हणजे पुढचं सगळं कळेल. असेंबल केलेला डेस्कटॉप, इंटेल कोअर आय-फाइव्ह आठव्या पिढीचा, १६ जीबी रॅम, २५० जीबीची एसएसडी, जोडीला २ टीबीची जुनी हार्ड डिस्क, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, २२ इंची मॉनिटर, विंडोज ११ आणि ६०० व्हीएचा साधा यूपीएस. घर लोकमान्य नगरात, मशीन वरच्या मजल्यावर काकांच्या खोलीत. काका त्यावर दोन-तीन दुकानांचे हिशेब ठेवतात, मी ऑफिसच्या फाइली आणि घरचे फोटो ठेवतो. बंद कोणीच करत नाही. काकांना चालू व्हायला वेळ लागतो म्हणून आणि मला फाइल कधीही लागते म्हणून.

हा उद्योग सुरू झाला बिलामुळे. मागचं बिल १७१ युनिटचं आलं. आमच्याकडे मध्य प्रदेशात गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटच्या आत असला तर पहिल्या १०० युनिटचे १०० रुपयेच पडतात, आणि त्याच्या वर गेलं की सवलत पूर्णच जाते, नुसत्या वरच्या युनिटांवरची नाही. म्हणजे वीस-पंचवीस युनिटांसाठी अख्खं बिल बदलतं. फ्रिज बंद करता येत नाही, पाण्याची मोटर बंद करता येत नाही, उरला हा दिवसरात्र घुरघुरणारा डबा.

प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर ऑनलाइन मागवला, साडेसातशे रुपये. यूपीएस आणि कम्प्युटरच्या मध्ये लावून घेतलेले आकडे असे: कोणी काही करत नसताना ४५ वॉट, कामात साधारण ६०, मॉनिटर वेगळा २० वॉट, हाताने स्लीप केल्यावर अडीच वॉट, शटडाउन केल्यावर सव्वा वॉट. स्वस्त मीटर पाच वॉटच्या खाली फारसा भरवशाचा नसतो, त्यामुळे शेवटचे दोन आकडे अंदाजाच्या भावानेच घ्या.

मग मीटर काढून यूपीएस आणि भिंतीच्या मध्ये लावला तर वेगळीच गंमत. यूपीएसला काहीही न जोडता तो एकटाच ९ वॉट खातो! महिन्याला साडेसहा युनिट. म्हणजे झोपलेल्या कम्प्युटरपेक्षा त्याचा राखणदार जास्त खातो.

हिशेब: दिवसात चार तास खरं काम धरलं तर उरलेले २० तास गुणिले ४५ वॉट म्हणजे ०.९ युनिट, महिन्याला २७. तेच २० तास झोपेत गेले तर महिन्याला दीड युनिट. पंचवीस युनिटांचा फरक इथेच पडला आहे, दुसरीकडे शोधायची गरजच नाही.

२३ मार्च

सेटिंगमध्ये "३० मिनिटांनी स्लीप" आधीपासूनच लिहिलेलं होतं. स्क्रीन बंद व्हायची, सगळ्यांना वाटायचं झोपला, आणि मीटर ४५ वॉटच दाखवत राहायचा. तुमच्याकडेही असं असू शकतं, काळी स्क्रीन बघून विश्वास ठेवू नका, पंख्याचा आवाज ऐका.

खालच्या कमांड सगळ्या ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये मारायच्या, नाहीतर अर्ध्या चालत नाहीत.

पहिली पॉवरसीएफजी स्लॅश ए. मशीनला कुठल्या प्रकारची झोप येते ते ही सांगते. माझ्याकडे एस-३ म्हणजे रॅम तेवढी जागी ठेवून बाकी सगळं बंद, हायबरनेट म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून पूर्ण बंद, हायब्रिड स्लीप आणि फास्ट स्टार्टअप हे चारही होते. नव्या लॅपटॉपमध्ये एस-३ च्या जागी बहुतेक वेळा "एस-० लो पॉवर आयडल" दिसेल, ते प्रकरण निराळं आहे, त्यांना या नोंदीतलं निम्मंच लागू पडेल.

इथेच एसएसडीवर जागा कमी म्हणून पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ मारून हायबरनेशन बंद केलं. ती फाइल रॅमच्या ४० टक्के जागा धरते, माझ्याकडे सव्वासहा जीबी मोकळे झाले. खूश. (११ मेची नोंद वाचल्याशिवाय हे करू नका.)

दुसरी कमांड पॉवरसीएफजी स्लॅश रिक्वेस्ट्स. झोपेला कोण अडवतंय त्याची नावं येतात. दोन नावं निघाली.

एक, साउंड कार्डचा ड्रायव्हर, "ऑडिओ स्ट्रीम वापरात आहे". पण खोलीत शांतता! ब्राउझर उघडून बघितलं तर एका टॅबमध्ये तानपुरा चालू. काका सकाळी रियाज करतात, काळी एक लावतात, आणि संपला की स्पीकरची चकती शून्यावर फिरवून खाली चहाला येतात. तानपुरा बिचारा दिवसभर आणि रात्रभर छेडला जातोय, फक्त ऐकू कोणाला येत नाही. विंडोजच्या दृष्टीने गाणं चालू आहे, मग झोपायचं कसं.

यावर रिक्वेस्ट्स-ओव्हरराइड नावाची कमांड आहे, त्या ड्रायव्हरची तक्रार कायमची कानाआड करता येते. बरेच जण तेच करायला सांगतात. मी केलं नाही, कारण मग काका डोळे मिटून आलाप घेत असताना तिसाव्या मिनिटाला तानपुरा बंद पडेल, आणि त्यानंतर जे होईल ते मला झेपणार नाही. जुना फोन पडून होता, त्यात तानपुऱ्याचं ॲप टाकून दिलं. "आवाज पातळ आहे रे" म्हणाले. कम्प्युटरचाच स्पीकर त्या फोनला जोडून दिला, मग चालला.

दुसरं नाव एसआरव्ही-नेट. "दूरच्या मशीनने अलीकडे काही मागितलं आहे" असा मजकूर. म्हणजे शेअर केलेल्या फोल्डरला कोणीतरी हात लावतंय. माझ्या लॅपटॉपवर या कम्प्युटरची ड्राइव्ह कायमची जोडून ठेवली होती, लॅपटॉप उघडा असला की तो अधूनमधून डोकावतो. इथेही ओव्हरराइड करता येतं, पण मग मोठी फाइल कॉपी होत असताना मधेच झोपेल. लॅपटॉपवरची जोडणी काढली, लागेल तेव्हा पत्ता टाकून उघडतो.

रात्री साडेदहाला मीटर अडीच वॉटवर. पहिल्यांदा.

२९ मार्च

झोपतो, पण उठतो. सकाळी बघावं तर मशीन चालू. काका म्हणाले, "अरे रात्री पंखा सुरू झाला की मला जाग येते, भूत आहे की काय याच्यात?"

पॉवरसीएफजी स्लॅश लास्टवेक शेवटचं उठवणारं नाव सांगते, पण फक्त शेवटचंच. जास्त उपयोगाचा इव्हेंट व्ह्यूअर: सिस्टिम लॉगमध्ये पॉवर-ट्रबलशूटर, आयडी १. त्यात कधी झोपला, कधी उठला, कोणी उठवला, तिन्ही एका जागी. आठवड्याच्या नोंदी काढल्या तर दोन प्रकार दिसले. काही वेळा अगदी वेडेवाकडे, कधी पावणेबारा, कधी चार वीस, आणि नाव नेटवर्क कार्डाचं. आणि काही बरोबर रात्री दोनला, नाव टायमरचं.

आधी वेडेवाकडे. पॉवरसीएफजी स्लॅश डिव्हाइसक्वेरी वेक-अंडरस्कोर-आर्म्ड मारलं, उठवण्याचा परवाना असलेल्यांची यादी आली: कीबोर्ड, माउस, नेटवर्क कार्ड. नेटवर्क कार्डाला दोन तऱ्हेने उठवता येतं, एक मॅजिक पॅकेट, जे मुद्दाम पाठवावं लागतं, आणि दुसरं पॅटर्न मॅच, म्हणजे नेटवर्कवर कोणी याच्याबद्दल साधी चौकशी केली तरी हा उठून बसतो. घरात टीव्ही, फोन, राउटर सगळे रात्रभर एकमेकांची चौकशी करत असतात. डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क कार्ड, पॉवर मॅनेजमेंट, तिथे "फक्त मॅजिक पॅकेटनेच उठवावा" ही तिसरी खूण केली. शिवाय ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये "वेक ऑन पॅटर्न मॅच" डिसेबल. दोन्ही करा, माझ्याकडे नुसत्या खुणेने भागलं नाही.

माउसचा परवाना काढून टाकला. टेबलावर काच आहे, ऑप्टिकल माउस काचेवर स्वतःच थरथरतो, त्यातून शेजारच्या रस्त्याने मोठी गाडी गेली तर विचारूच नका. कीबोर्ड ठेवला.

२ एप्रिल

आता दोनचं. विंडोजची ऑटोमॅटिक मेंटेनन्स मुळात रात्री दोनचीच लावलेली असते आणि तिला मशीन उठवायची परवानगीही असते. कंट्रोल पॅनलमध्ये सिक्युरिटी अँड मेंटेनन्सच्या आत ती खूण आहे, काढली. शिवाय पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड यादीत स्लीपखाली "अलाउ वेक टायमर्स" डिसेबल. तिथे "फक्त महत्त्वाचे टायमर" असा मधला पर्यायही आहे, पण अपडेटनंतरची रीस्टार्ट हीच त्याच्या मते महत्त्वाची गोष्ट, म्हणून मी पूर्णच बंद केलं.

नंतर पॉवरसीएफजी स्लॅश वेकटायमर्स मारून यादी रिकामी आहे हे बघितलं. अपडेट आता दिवसा होतात, काका वैतागतात, वैतागू दे.

६ एप्रिल, रामनवमी

सुट्टी होती म्हणून उरलेल्या बारीकसारीक सेटिंग चाळल्या. एका दमात लिहितो कारण त्यात फार दम नाही.

हार्ड डिस्क २० मिनिटांनी थांबवायची सेटिंग: डिस्क थांबली की चार वॉट वाचतात, पण मग कुठल्याही प्रोग्रॅममध्ये "ओपन" दाबलं की डिस्क फिरायला लागेपर्यंत सगळं गोठतं, काकांना वाटतं हँग झाला, ते रीसेटचं बटण दाबतात. "नेव्हर" केलं. अख्खं मशीनच अर्ध्या तासात झोपणार असेल तर डिस्कला वेगळं झोपवून काय मिळवायचं.

प्रोसेसरची जास्तीत जास्त क्षमता १०० ऐवजी ९९ टक्के: एक टक्क्याचा फरक वाटतो पण त्याने टर्बो बूस्ट, म्हणजे गरज पडली की प्रोसेसर जास्त वेगाने पळतो ती सोय, बंद पडतो. व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना ९५ वॉटचे ६० झाले, पण वेळही तितकाच वाढला, शेवटी युनिट जवळपास तेवढेच. तरी ठेवलंय, कारण इंदूरच्या एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावरची खोली तापते आणि पंखा कमी ओरडतो.

मॉनिटर ५ मिनिटांनी बंद. हे सगळ्यात सोपं आणि याच्याबद्दल कोणाची तक्रार नाही.

१३ एप्रिल

ऑफिसमधून फाइल हवी तर झोपलेल्या मशीनला उठवायचं कसं, हा प्रश्न होताच. मॅजिक पॅकेट फक्त घरच्या नेटवर्कच्या आतूनच नीट पोचतं. आमच्या फायबरवाल्याकडे बाहेरून दिसणारा पत्ता मिळत नाही, राउटरमध्येही उठवण्याचं बटण नाही. लहान बोर्ड घेऊन चोवीस तास चालू ठेवता येतो पण ती उलटी कमाई. आईच्या फोनमध्ये वेक-ऑन-लॅनचं, म्हणजे मॅजिक पॅकेट पाठवणारं ॲप टाकलं, मशीनचा मॅक ॲड्रेस म्हणजे नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक भरून दिला. मी फोन करतो, "आई, काकांचा कम्प्युटर उठव ना," ती खालूनच बटण दाबते. गुडघ्यांमुळे तिला जिना नको असतो म्हणून हे, नाहीतर स्पेसबार दाबणं काय वाईट होतं.

पण एक विचित्र गोष्ट. आईने उठवला, मी जेवणाचा डबा बंद करून येईपर्यंत परत झोपलेला. सेटिंग अर्ध्या तासाची आणि हा दोन मिनिटांत आडवा. परत उठवला, परत तेच. आईचा तिसऱ्यांदा फोन: "अरे, नक्की काय करायचंय तुला?"

१५ एप्रिल

सापडलं. कीबोर्ड-माउसला हात न लागता मशीन उठलं तर विंडोज समजतं की समोर कोणी बसलेलं नाही, आणि मग नेहमीचा वेळ न वापरता "अनअटेंडेड स्लीप टाइमआउट" नावाचा वेगळा वेळ वापरतं, जो मुळात २ मिनिटांचा असतो. आणि ही सेटिंग यादीत लपवलेली आहे. पहिल्या बसणीला हे माहीत असतं तर दोन संध्याकाळी वाचल्या असत्या, मी नेटवर्क कार्डाचे ड्रायव्हर बदलत बसलो होतो.

दिसायला लागण्यासाठी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंग जिथे साठवलेल्या असतात तिथे, जायचं: लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, पॉवर, पॉवर सेटिंग्ज. तिथे २३८सी९एफए८ ने सुरू होणारी की म्हणजे स्लीपचा गट, तिच्या आत ७बीसी४ए२एफ९ ने सुरू होणारी. तिच्यातल्या ॲट्रिब्यूट्सची किंमत २ करायची. मग पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड यादीत स्लीपखाली ती ओळ उगवते. २० मिनिटं केलं. आता आईने उठवल्यावर मला निवांत वेळ मिळतो, आणि कॉपी सुरू झाली की एसआरव्ही-नेट त्याला जागं धरतंच, मार्चमध्ये त्याला ओव्हरराइड केलं नाही ते बरंच झालं.

२२ एप्रिल

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये, "ईआरपी" नावाची सेटिंग आहे. युरोपातल्या नियमांमुळे आलेली, तिथे २०१३ पासून बंद उपकरणाने अर्ध्या वॉटपेक्षा जास्त खाऊ नये असं आहे. मोह झाला, एनेबल केलं. बंद असताना मीटर सव्वावरून ०.४ वर आला, पण मदरबोर्डने नेटवर्क कार्ड आणि यूएसबी दोघांचाही वीजपुरवठा तोडला, त्यामुळे ना आईचं बटण चालेना ना कीबोर्ड. एक वॉटपेक्षा कमीसाठी हे नको. डिसेबल.

मग स्लीपऐवजी सरळ हायबरनेटच का करू नये असं एका मित्राने विचारलं. महिन्याचं एक युनिट वाचेल, बरोबर. पण स्लीपमधून तीन सेकंदांत उठतो, हायबरनेटमधून पंचवीस-तीस लागतात आणि काका तेवढ्यात पुन्हा "बंदच करू नका रे याला" वर येतील.

५ मे

वळवाचा पाऊस, वादळ, संध्याकाळी लाइट गेले. कम्प्युटर झोपलेला होता, यूपीएसवर होता, मला काळजी नव्हती. अडीच वॉट म्हणजे यूपीएसच्या बॅटरीला काहीच नाही, तासन्‌तास जायला हवेत. पाऊण तासाने लाइट आले आणि काकांनी बटण दाबलं तर मशीन पहिल्यापासून सुरू झालं. एक्सेलची शीट सेव्ह केलेली नव्हती, ती गेली. यूपीएस बंद पडलेला. एस-३ मध्ये सगळं रॅमवरच असतं, वीज गेली की स्मरणशक्ती गेली.

"आधी चालूच असायचा तेव्हा असं होत नव्हतं" हे काकांचं वाक्य, आणि त्याला उत्तर नव्हतं.

८ मे

बॅटरी खराब असणार असं धरून आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये गेलो. दुकानदाराने यूपीएस हलवून बघितला, "भिया, बैटरी गई इसकी, बदल लो." १२ व्होल्ट ७ एएचची, हजार रुपये. घरी बसवली, कम्प्युटर झोपवला, यूपीएसचा प्लग काढला, घड्याळ लावून बसलो. पाच मिनिटांनी यूपीएस बंद. नवी कोरी बॅटरी पूर्ण भरलेली, आणि पाच मिनिटं!

पण कम्प्युटर चालू ठेवून तोच प्रयोग केला तर बावीस मिनिटं चालला. जास्त ओझं असताना जास्त वेळ आणि कमी ओझं असताना कमी वेळ, इथे डोकं चालायचं थांबलं.

११ मे

यूपीएसचं पुस्तक कपाटात सापडलं. आत एक ओळ: नो-लोड शटडाउन. बॅटरीवर चालताना काहीच जोडलेलं नाही असं वाटलं तर बॅटरी वाचवायला पाच मिनिटांनी आपोआप बंद होतो. झोपलेला कम्प्युटर त्याच्या हिशेबात "काहीच नाही". जुनी बॅटरी ठीकच होती बहुधा, हजार रुपये गेले ते गेले.

किती ओझं लागतं ते बघायला टेबल लॅम्प यूपीएसला लावला. ९ वॉटचा एलईडी बल्ब एकटा: पाच मिनिटांत बंद. फायबरचा राउटर एकटा, ८ वॉट: बंद. दोन्ही मिळून: चालू राहिला. म्हणजे माझ्या यूपीएसची रेघ ९ आणि १७ च्या मध्ये कुठेतरी. आता केवळ यूपीएसला जागं ठेवायला चोवीस तास बल्ब जाळायचा म्हणजे महिन्याला पुन्हा साडेसहा युनिट, त्यापेक्षा हा सगळा खटाटोप सोडून दिलेला बरा. काही यूपीएसमध्ये ही सोय बटण दाबून ठेवून बंद करता येते, माझ्यात नाही.

खरा उपाय आधीपासून मशीनमध्ये होता आणि मार्चमध्ये मीच उडवला होता: हायब्रिड स्लीप. यात झोपताना रॅममधलं सगळं डिस्कवरही लिहिलं जातं. वीज राहिली तर रॅमवरून तीन सेकंदांत उठतो, वीज गेली तर डिस्कवरून उठतो, उशिरा पण सगळं जागच्या जागी. त्यासाठी हायबरनेशनची फाइल लागते, जी मी स्लॅश एच ऑफ करून काढली होती. स्लॅश एच ऑन करून नंतर स्लॅश एच, स्लॅश टाइप फुल असंही मारलं, कारण "रिड्यूस्ड" प्रकारची फाइल फक्त फास्ट स्टार्टअपच्या कामाची, हायबरनेट तिच्यात होत नाही. मग ॲडव्हान्स्ड यादीत "अलाउ हायब्रिड स्लीप" ऑन.

चाचणी: नोटपॅडमध्ये चार ओळी लिहिल्या, सेव्ह केल्या नाहीत, झोपवला, यूपीएस बंद होऊ दिला, दहा मिनिटांनी वीज दिली, बटण दाबलं. चारही ओळी समोर. मग काकांना बोलावून त्यांच्या एक्सेलवर तेच करून दाखवलं. बोलले काही नाहीत, पण त्या दिवसापासून मशीन झोपवायला हरकत घेत नाहीत.

सहा जीबींचं काय, तर जुने डाउनलोड काढले. एसएसडी लवकर खराब होईल का, हेही मोजलं: एका झोपेला साधारण तीन जीबी लिहिले जातात, दिवसाला पाच झोपा म्हणजे १५ जीबी, वर्षाला साडेपाच टीबी. माझ्या डिस्कच्या कागदावर १५० टीबी लिहिण्याची हमी आहे. एवढ्यासाठी काळजी करण्यात अर्थ नाही, तोवर मदरबोर्डच जाईल.

१८ मे

वीज जाऊन आल्यावर मशीनने काय करावं, ही बायोसची सेटिंग. "ऑफ" ठेवलं तर मशीन बंदच राहतं आणि त्या अवस्थेत आईचं बटण लागत नाही, माझ्या बोर्डावर वीज तुटल्यावर एकदा सुरू झाल्याशिवाय नेटवर्क कार्ड कान देत नाही. "लास्ट स्टेट" ठेवलं तर माझा बोर्ड झोपेला बंदच समजतो, निकाल तोच. शेवटी "ऑन" ठेवलं: लाइट आले की स्वतः डिस्कवरून उठतो, कोणी नाही असं बघून पुन्हा झोपतो, आणि मग हाक मारली की ऐकतो.

एक तोटा आहे. वादळात लाइट दहा मिनिटांत तीनदा जाऊन येतात, तेव्हा हा प्रत्येक वेळी उठायला बघतो आणि मधेच पुन्हा पडायची भीती असते. निदान थोडे सेकंद थांबून मग सुरू हो, असं सांगायची सोय माझ्या बायोसमध्ये नाही. सध्या ढग दिसले की काका यूपीएसचं मागचं बटणच बंद करतात.

१९ जून

बिल आलं, १५० च्या वरच आहे, कारण कूलर. मे-जूनचं बिल बघून या कामाचा निकाल लागणारच नव्हता हे मला आधी सुचायला हवं होतं. म्हणून मीटरचा आकडा देतो, तो १९ मेपासून यूपीएस आणि कम्प्युटरच्या मध्ये लावून ठेवलाय, मॉनिटरसकट: महिन्याचे ११.४ युनिट. आधीच्या पद्धतीने साडेछत्तीसच्या आसपास झाले असते. यूपीएसचे साडेसहा वेगळे, त्याला अजून हात लावलेला नाही.

खर्च: मीटर ७५०, बॅटरी १०००.

राहिलेलं एकच. डिस्कवरून उठल्यावर कधीकधी प्रिंटर ऑफलाइन दिसतो, यूएसबी काढून लावली की येतो. यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड, म्हणजे वापरात नसलेलं यूएसबी उपकरण झोपवायची सेटिंग, बंद करून बघितलंय, फरक नाही. प्रिंटर मागच्या पोर्टवरून पुढच्या पोर्टवर घेतलाय, पुढच्या वेळी लाइट गेले की कळेल.